बाबांचा एकच इंग्रजी शब्द

प्रिय धम्मा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. आज रविवार. जेवणं झालीत, आई-बाबा पडलेत. मी थकलेय रे. चाकणच्या कंपनीत आठवडाभर अंधाऱ्या खोलीत गाड्यांचे दिवे पेटवून त्यांचा उजेड तपासायचा. घरी आले तरी डोळ्यांपुढे पांढरे ठिपके नाचत राहतात. दिघीत पाण्याची बोंब तशीच. आईचे गुडघेही तसेच.

मागच्या आठवड्यात थेरगावला गेले होते, तिथं डांगे चौकात भाजी घ्यायला थांबले, तर तुझा मित्र सनी भेटला. मी सहज म्हटलं, "धम्माला हैदराबादला चांगली कंपनी मिळाली ना?" तो चाचरला. म्हणाला, "ताई, त्याचं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षालाच सुटलं. तिथं तो गोदामात पार्सलं लावतो. कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीय त्यानं." मी भाजी न घेताच परत आले.

चौथीत तुला स्कॉलरशिप मिळाली, तेव्हा बाई बाबांना म्हणाल्या होत्या, "मुलगा ब्रिलियंट आहे." बाबांनी तेवढा एकच इंग्रजी शब्द उचलला. कारखान्यात भट्टीपाशी, विहारात, पाहुण्यारावळ्यांत, जिथं तिथं, "आमचा धम्मरत्न ब्रिलंट हाय." तू हळूच मागच्या खोलीत निघून जायचास. आम्हाला वाटायचं, लाजतो.

सनी भेटल्यापासून त्या शब्दाचा मला असा राग आला, की कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर त्याचं मूळच शोधत बसले. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये इटालियनमधून, अर्थ, चमकणारा. त्याआधीचं नक्की कुणालाच माहीत नाही, पण काही जाणकार तो बेरिल नावाच्या रत्नाशी जोडतात. आणि त्या रत्नाचं नाव ग्रीकांकडे म्हणे आपल्याच देशातून गेलं. पाली भाषेत त्याला वेळुरिय म्हणतात.

परवा संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. आधी तुझं, मग हे. ते म्हणाले, "म्हणजे दगडच ना गं? आणि तो मी पोराच्या डोक्यावर ठेवला." आईनं एवढंच विचारलं, "जेवतो तरी का नीट?"

आता पत्राचं कारण. बाबांनी सनीकडून तुझा पत्ता घेतलाय, पुढच्या शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. तुला न कळवताच येणार होते. मीच म्हटलं, आधी कळवू द्या. त्यांना दारात बघून तू मागच्या मागे निघून जाशील, अशी भीती वाटते मला. ते जाब विचारायला येत नाहीयेत. "काय बोलाल त्याच्याशी?" असं विचारलं, तर म्हणाले, "बोलायचं काय त्यात? तो कामाला गेला की भाकरी करून ठेवीन." जन्मात कधी पिठाला हात लावला नाही त्यांनी. कालपासून आईकडून थापायला शिकतायत. पहिल्या दोन फाटल्या. तिसरी तव्यावर टाकताना बोट भाजलं, पण फुगली. दार उघड, धम्मा.

तुझीच,
मैत्रीताई