चिंचेने घासलेले चंबू

१६ जानेवारी, गुरुवार
पोस्टाने आलं – भार्गवीची बारावीची केमिस्ट्री प्रॅक्टिकलची वही, १६० रुपये. टपालखर्च ४५. एकूण २०५!
उघडली तर प्रयोग, आकडे, निष्कर्ष, सगळं आधीच छापलेलं. पोरीने फक्त आपल्या अक्षरात उतरवायचं. नैवेद्य दाखवायच्या आधीच उष्टावलेलं ताट! म्हणते, "आई, सगळी मुलं अशीच करतात." सगळी मुलं!

१७ जानेवारी
खोदून विचारलं तेव्हा कळलं. वर्षभरात लॅब एकदाही उघडलेली नाही. तीस तारखेला परीक्षा, आणि ब्युरेट – ती तोटीवाली उभी काचेची नळी – हिने चित्रातच पाहिलीय. यजमान म्हणाले, "अगं, देतात सगळ्यांना मार्क." बँकेत नोकरी करून माणूस असं बोलतो!

२० जानेवारी, सोमवार
कॉलेजात गेले. केमिस्ट्रीचे गोरक्ष सर मोबाईल चोळत बसलेले. म्हणे, लॅबचा शिपाई छगन जूनमध्ये रिटायर झाला, जागा भरली नाही, काचसामान कोण धुणार? एम.एस्सी. झालेल्या माणसाचे हात झिजतात वाटतं!
"किल्ली द्या. मी धुते."
"वहिनी, काचेचं काम आहे. तुम्हाला नाही जमायचं."
"वीस वर्षं देवाची भांडी घासतेय."
दिली हो किल्ली. लाज म्हणून नाही!

२१ जानेवारी
चाळीस चंबू. सगळ्यांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. चिंच नेली होती, देवाची तांब्याची भांडी लखलखतात तिने, तिथे काचेचं काय! टाकीत पाणी बेताचं. एकेकदाच विसळले, कोरड्या फडक्याने पुसले. दहा चंबू एका बादलीत! छगन डोकावून गेला. "बाई, लई इसळावं लागतं बगा." सात महिने घरी बसून वर सल्ले.

२४ जानेवारी, शुक्रवार
लॅब उघडली खरी. भार्गवी रडत घरी. चंबूतल्या आम्लाला अल्कली दहा मिली लागायला हवा, बारा लागतोय. सगळ्यांचंच चुकतंय. सर म्हणाले, "मग दहाच लिहा."
दहाच लिहा! जमाखर्च जुळेना की आकडा खोडायचा, हे यांचं शास्त्र! यांचं द्रावणच बिघडलेलं असणार.

२५ जानेवारी, एकादशी
फराळ झाल्यावर पुस्तक घेऊन बसले, सरांची चूक शोधायला. चंबूत जितकं आम्ल, तितका वरून अल्कली लागतो. थेंबाथेंबाचा हिशेब, चोख आहे. मग हे जास्तीचं आम्ल आलं कुठून?
भार्गवीला विचारलं, "त्याच चंबूत पुन्हा केलंस तेव्हा?"
"तेव्हा साडेदहा. तिसऱ्यांदा बरोबर दहा."
चिंच. माझी चिंच! पुरती विसळायची राहिली ती.
छगनचं खरं होतं. हे लिहायला हात जड झाला.

२७ जानेवारी
सरांना सांगितलं. फिदीफिदी हसले. "राहू द्या वहिनी, मुलं आकडा टाकतील." म्हटलं, "नाही टाकणार." चाळीस चंबू, पाच-पाच पाण्यांनी. टाकी संपली तेव्हा हापशावरून बादल्या आणल्या. छगन न बोलावता आला. "मी सांगितलं हुतं का न्हाई?"
"सांगितलं होतं हो. आता बादली धरा."

३० जानेवारी
परीक्षा झाली. भार्गवीचा आकडा आला दहा पूर्णांक एक. शेजारचा कानात म्हणाला, दहा लिही. हिने आला तोच लिहिला.

१ फेब्रुवारी, शनिवार
अर्जाची नक्कल –
मा. प्राचार्य यांस, स.न. प्रयोगशाळेतील शिपायाच्या रिकाम्या जागेसाठी अर्ज करीत आहे. शिक्षण दहावी पास. वय ४१. कामात एक चूक झाली होती, ती गोरक्ष सरांना ठाऊक आहे. घरी अद्याप सांगितलेले नाही, म्हणून फोन करू नये. होय-नाही जे असेल ते माझ्या नावाने उलटटपाली कळवावे.
– सौ. दमयंती शामकांत मुळे, नेवासा