हॉर्न न वाजवणारी गाडी

प्रिय अमृत,

बार्शीहून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. त्यात एकच प्रश्न आहे. 'गाडी माझ्याशिवाय चालायला लागली की लग्नाचं बोलू, असं तू म्हणालीस. पण ती चालायला लागली हे तुला कळणार कसं?' प्रश्न रास्त आहे. तुला बरेच दिवस थांबवलं आहे, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं. त्यासाठी आधी गाडीबद्दल लिहिते.

बचत गटाच्या बायकांनी मिळून जुनी मिनीबस घेतली, हे तुला माहीत आहे. इंजिन मी स्वतः उघडून पाहिलं होतं, त्याची काळजी नव्हती. काळजी सवयीची होती. आमच्याकडची वडाप जीप आधी गावभर फिरते, दारोदार हॉर्न वाजवून माणसं गोळा करते आणि खच्चून भरल्यावरच अक्कलकोटचा रस्ता धरते. कधी सुटेल ते तिच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. मुलींचा कॉलेजातला पहिला तास आणि म्हाताऱ्यांचा दवाखान्यातला नंबर त्यातच जायचा. म्हणून मी नियम केला : गाडी सकाळी सातला सुटेल, भरलेली असो की रिकामी. हॉर्न वाजणार नाही आणि गाडी कुणासाठीही थांबणार नाही.

सुरुवातीला ती जवळजवळ रिकामीच गेली. लोक घरात हॉर्नची वाट पाहत बसायचे आणि मग माझ्या नावानं ओरडायचे. गटातली चंद्रव्वा चारचौघांत म्हणाली, "गाडी भरल्याबिगर सोडायची, ह्ये कुटलं शिक्षान? इंजिनेर झालं की डोस्कं काढून ठेवत्यात व्हय?" सरपंच शहाजीकाकांचा चहा संपेपर्यंत थांबलो नाही, तर त्यांनी ग्रामसभेत गाडी विकायचा विषय काढला. दवाखान्याला जाणाऱ्या म्हाताऱ्यांनीच त्यांना खाली बसवलं. ड्रायव्हर शिवयोगीचा हात तर आपोआप हॉर्नवर जायचा. मी शेजारी बसून त्याच्या हाताकडे नुसती बघत राहायचे. मी नसले की गाडी थांबणार, याची मला खात्री होती. तुला 'आत्ता नाही' म्हणत होते, त्यामागे एवढंच होतं. तू आणखी काही समजला असशील तर ते डोक्यातून काढून टाक.

काल गाडीच्या परवान्याच्या कामासाठी मला अक्कलकोटमार्गे सोलापूरला जायचं होतं. निघताना शेजारच्या अंबुबाईंनी हाक मारली, म्हणून त्यांची पाण्याची मोटर पाहत बसले. देवळाच्या वळणावर पोचले तर गाडी हललेली. मी हात केला. शिवयोगीनं आरशात मला पाहिलं, तेही मला दिसलं. गाडी गेली. धुरळ्यात उभी राहून मला आधी रागच आला. संध्याकाळी कळलं, की त्यानं ब्रेकवर पाय ठेवला होता, पण मागून चंद्रव्वा म्हणाली, "सोड रं गाडी. आज हिच्यासाटी थांबलास तर उद्या शहाजीसाटी थांबावं लागंल." सगळी गाडी हसली म्हणे. हे मला तिनंच सांगितलं, अजिबात न संकोचता. वर म्हणाली, "लौकर उटत जा की, यव्वा."

घरी येईपर्यंत सकाळचा राग कुठल्या कुठे गेला होता. डिप्लोमाला पहिली आले होते, तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. गाडी त्यांची झाली आहे, अमृत. आता तिला माझी गरज नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटत नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर : कळलं. आईशी आज सकाळीच बोलले. येत्या रविवारी तुझ्या आईवडिलांना घेऊन ये. अक्कलकोटहून आमची गाडी दुपारी एकला सुटते. तू कोण, हे शिवयोगीला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तरी तो थांबणार नाही.

तुझीच,
वैजयंती