मेल्यावर हसायचं असतं

३ जून

पुन्हा मेले. तेही चहाच्या आधी!

तळघरातून आवाज आला तर शहाणी बाई उलट्या पावली पळेल. मी मेणबत्ती घेऊन "कोण आहे?" विचारत खाली जाते. खुनाखुनीच्या सिनेमात पहिली मरणारी बाई हवी असली की फोन मलाच. मेल्यावर आमच्यात एक रीत आहे — उठायचं, कॅमेऱ्याकडे बघून मोठ्यानं हसायचं, मगच कपडे बदलायला जायचं. नाहीतर अपशकुन! म्हणून हसून होईपर्यंत कॅमेरा चालू ठेवतात. आज हसताना गाल दुखले.

घरी आल्यावर लेकीनं, चिमणीनं, विचारलं, "आई, दमलीस?" म्हटलं, "छे गं!" एवढा एक अभिनय मला बरा जमतो.

११ जून

नवं काम. रक्तपात आणि विनोद एकत्र! दिग्दर्शक माझ्या भाच्याएवढा. म्हणाला, "मावशी, गंमत हीच आहे. लोकांना वाटणार, तुम्ही पहिल्या मरणार. आणि शेवटपर्यंत तुम्हीच उरणार!" मावशी म्हटल्याचा रागही आला नाही.

चिमणी माझे सिनेमे बघत नाही. शाळेत पोरी विचारतात, "तुझी आई परत मेली का?" आज तिला सांगितलं.

"नक्की? शेवटपर्यंत?"

"नक्की."

"मग हा बघेन."

देवा, एवढ्या एका सिनेमात तरी जगू दे मला.

१९ जून

खुनी फार भला माणूस. मुखवट्यात चष्म्यावर वाफ धरते, मग मला सोडून खुर्चीवरच वार करतो. आणि दर वेळी — "ताई, लागलं नाही ना?"

२४ जून

ये रे माझ्या मागल्या! निर्मात्यांचं म्हणणं, शेवटी तरुण मुलगीच उरली पाहिजे. "या बाईला बघायला कोण येणार?" दिग्दर्शक बिचारा मान खाली घालून सांगत होता. उद्या मरायचं.

चिमणीला सांगायचं धाडस झालं नाही. नुसती वेणी घालून दिली.

२५ जून

मेले. खुन्याचा चष्मा पुन्हापुन्हा धुकटला, मी पुन्हापुन्हा पडले. साखरेच्या पाकाचं रक्त, केसांत मुंग्या! एकदाचं "ओके" झालं. उठले. दिग्दर्शक म्हणाला, "हसा, मावशी!" सगळे वाट बघतायत आणि मला हसूच येईना.

खुन्याला म्हटलं, "झालं ना भाऊ तुमचं? मला पोरीला शाळेतून आणायचंय. घरी भांडी पडलीत. रोज रोज मरायला वेळ नाही हो मला!" आणि चपला शोधून चालू लागले. मागे सगळे खो खो हसत होते. मी तेवढी न हसता निघाले. अपशकुन तर अपशकुन.

२ जुलै

दिग्दर्शकाचा फोन! माझं ते बोलणं कॅमेऱ्यात आलंय, आणि सिनेमाचा शेवट आता तोच. सगळे खून पडून झाल्यावर मी उठते, बोलते आणि घरी जाते. निर्मातेसुद्धा पोट धरधरून हसले म्हणे.

म्हणजे जगले! स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. चिमणीला दिलेला शब्द राहिला.

६ नोव्हेंबर

चिमणीला घेऊन गेले. शेवटाला अख्खं थिएटर हसत होतं. पलीकडचा माणूस खुर्चीतून पडायचाच बाकी. चिमणी हसली नाही. माझा हात धरून हळूच म्हणाली, "आई, तू रोज घरी येऊन खोटं सांगतेस ना — दमले नाही म्हणून?"