नहेरीवरचे पाचशे मीटर

आप्पा, तुम्ही नहेरीच्या रस्त्यावर मोजून दिलेले पाचशे मीटर पाचशे नव्हते. दीड महिन्यापूर्वी मला हे कळलं. तेव्हापासून तुमच्याशी भांडायचं आहे, आणि भांडायला तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली.

तुम्ही केलेल्या दोन्ही खुणा मी टिकवून ठेवल्या होत्या. एक नवागामच्या बाजूला कालव्यावरच्या पुलाच्या कठड्यावर, दुसरी डिंडोलीकडे पंपाच्या खोलीच्या भिंतीवर. तुम्ही चुन्याने केल्या होत्या, मी दरवर्षी दिवाळीच्या आधी ऑइलपेंटने गिरवायचे. प्लेगच्या वर्षानंतर महानगरपालिकेने सगळं सुरत शहर धुऊन काढलं, रस्त्यांवर दिवे आले, तेव्हा मी पुन्हा पळायला लागले. आणि एकदा सुरू केल्यावर थांबलेच नाही. पुणे, बडोदा, मुंबई, पुन्हा पुणे. चार वर्षांत नऊ मॅरेथॉन. बेचाळीस किलोमीटर आणि वर जवळजवळ दोनशे मीटर. मला एकच गोष्ट हवी होती: चार तासांच्या आत. नंबर नको, पदक नको. आणि नऊही वेळा चार तासांच्या वर काही मिनिटं. सगळ्यांत चांगली वेळ चार तास तीन मिनिटं. माय तर आता हसतही नाही. मी बॅग भरायला घेतली की चुलीपुढून म्हणते, "बेचाळीस किलोमीटर पयीसन आखो तठेच येस ना? मंग जास कसाले?" पळून पुन्हा तिथंच यायचं तर जायचं कशाला, याचं मी तिला काय सांगू. रविवारी पळून सोमवारी कामावर उभी राहते, जिना उतरताना कठडा धरते, तेव्हा कारखान्यातल्या फोल्डिंग खात्यातल्या बायकाही हेच विचारतात, फक्त गुजरातीत.

मी तिथं कापडाचे ताके तपासायचं काम करते. सुरतेत आपल्या माणसाला कापड सोडून कुठं जाता येतं. पहिल्याच दिवशी सुपरवायझर काकांनी घडी घालायची पट्टी हातात दिली आणि म्हणाले, "जो बेन, आ कारखानानो मीटर छे, बजारनो नहीं. कपडुं धोवामां चडी जाय, एटले बे आंगळ वधारे." कापड धुतल्यावर आटतं म्हणून पट्टीच दोन बोटं लांब. पाच वर्षं मी ती पट्टी रोज हातात धरते आहे. पाच वर्षं तुमच्या खुणांमध्ये पळते आहे. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

दीड महिन्यापूर्वी रस्ता रुंद करायला मोजणीवाले आले. पुलाचा कठडा पाडणार होते. खूण जाईल म्हणून मला घाई झाली. त्यांच्याकडे स्टीलची टेप होती. मी म्हटलं, भाऊ, इथून त्या खोलीपर्यंत पाचशे मीटर आहेत, पुढे मला दुसरीकडे खूण करायची आहे, जरा टेप लावून द्याल का. त्यांतला एक म्हातारा हसून म्हणाला, "पांचसो है तो नापना क्यों?" तरी त्यांनी लावली. पाचशे सतरा भरले. मी म्हटलं पुन्हा लावा. "बेन, टेप तो वही रहेगी," तो म्हणाला, पण पुन्हा लावली. पाचशे सतरा आणि थोडे वर.

घरी आल्यावर मायला विचारलं, आप्पांनी तो रस्ता कशाने मोजला होता. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "कारखानामातून पट्टी लयेल व्हती त्यास्नी. पट्टीवर सुतळी मोजी. तिनं एक टोक माना हातमा व्हतं, दोन डाव मोजं."

कारखान्याची तीच दोन बोटं लांब पट्टी, आणि तिने दोनदा मोजलंत. तुमचं सगळंच दोनदा. शाळेत घालायच्या आधी तीन वर्षं तुम्हीच माझी शाळा. पहिल्या पाळीहून येऊन अंगावरचा रुई-धागा झटकायचा, चहा घ्यायचा, आणि मला पुढे बसवायचं. सुताच्या रिकाम्या कांड्या मांडून बेरीज, वजाबाकी. उत्तर आलं की विचारायचात, "पक्कं?" मी हो म्हटलं तरी पुन्हा करायला लावायचात. चुकलेलं खोडायचं नाही, त्याच्या खाली बरोबर लिहायचं, म्हणजे चूक दिसत राहते. अजूनही मी दिवा बंद केला की नाही हे दोनदा बघते, तपासलेला ताका दोनदा तपासते, आणि बायका म्हणतात हिच्यामुळे आपली जेवायची सुटी उशिरा होते.

आणि तो दिवस. मी पंधरा वर्षांची. जिल्ह्याच्या निवडीसाठी पंधराशे मीटर पाच मिनिटं तीस सेकंदांत हवे होते. शाळेला मैदान नव्हतं, म्हणून पीटीच्या सरांनी फॉर्म आणि स्टॉपवॉच तुमच्याच हातात दिलं: कुठंतरी मोजून पळवा, वेळ लिहा, सही करा. रजेच्या दिवशी सकाळी मी पुलाशी उभी आहे, अनवाणी, फ्रॉकच्या खाली भावाची चड्डी. नहेरीवर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघताहेत. तुम्ही "जा" म्हणता. जाणं, येणं, पुन्हा जाणं. तोवर तुम्ही शेवटासाठी चालत पंपाच्या खोलीशी जाऊन उभे आहात. मी पोचते, भिंतीला हात टेकवते, आणि तुम्ही घड्याळ माझ्यासमोर धरता. पाच अडतीस.

सर संध्याकाळी घरी आले होते. म्हणाले, "अहो, तीस लिहा. निवडीच्या दिवशी पोरं जास्तच पळतात. कोण बघतंय?"

"मी बघितलं ना, सर," तुम्ही म्हणालात.

"आठ सेकंदांसाठी पोरीचं नुकसान करता?"

"आठ सेकंद शेतस म्हनूनच. ऐंशी राहते तर तुम्हीच नको म्हनतात."

आणि मला, सर गेल्यावर: "जितलं पयनी तितलंच लिखानं." फॉर्मवर तुम्ही पाच अडतीस लिहिलंत, खाली सही केलीत, आणि तो अर्थातच परत आला. पुढच्या वर्षी छातीच्या दुखण्याने तुम्ही गेलात. मी त्या आठ सेकंदांवरून तुमच्याशी वर्षभर नीट बोलले नव्हते. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हाही मी डबा ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. नंतर वय वाढलं, तुमचं खरेपण समजलं, अभिमानही वाटायला लागला. लोकांना सांगायचे, माझ्या आप्पांनी आठ सेकंदही खोटे लिहिले नाहीत.

आता गणित केलं. पाचशेला सतरा, म्हणजे पंधराशेला एक्कावन्न मीटर जास्त. त्यातून खरी वेळ काढली. तीनदा केलं, कारण पक्कं हवं. पाच मिनिटं सत्तावीस सेकंद. मी निवडीत बसत होते, आप्पा. तीन सेकंद हातात ठेवून बसत होते. तुम्ही खरं म्हणून जे लिहिलंत ते खरं नव्हतं, आणि खोटं म्हणून जे लिहिलं नाहीत ते खऱ्याच्या जास्त जवळ होतं. तुम्हाला त्या पट्टीचं ठाऊक होतं का? तुम्ही माग चालवत होता, घडी घालणं दुसऱ्यांचं काम, कदाचित नसेल. की ठाऊक होतं आणि त्या सकाळी आठवलं नाही? हा प्रश्न मी दीड महिना घेऊन फिरते आहे. कामावर ती पट्टी हातात आली की मला राग यायचा, आणि ती दिवसभर हातातच असते.

मग नऊ मॅरेथॉनचाही उलगडा झाला. सराव सगळा तुमच्या लांब किलोमीटरवर. शर्यतीत पाच किलोमीटरची पाटी माझ्या हिशेबापेक्षा मिनिटभर आधीच यायची आणि मी घाबरायचे. वाटायचं, जास्त जोरात पळतेय, पुढे कोसळेन. म्हणून वेग कमी करायचे. दर वेळी. नंतर पाय जड झाले की गेलेला वेळ परत येत नाही. नऊ वेळा मी स्वतःला मागे ओढलं, तेही एका पट्टीमुळे.

म्हणून गेल्या रविवारी बडोद्याला दहावी पळाले ती खऱ्या मीटरवर सराव करून. पाटी वेळेवर आली, मी घाबरले नाही. पस्तिसाव्या किलोमीटरला माझ्या हातात तीन मिनिटं जास्तीची होती. शेजारून पळणारे एक रिटायर्ड काका म्हणाले, "बेटा, आज तो तारुं थई गयुं." आज तुझं झालंच, हे ऐकून मी त्यांच्याकडे बघितलं. आणि पुढच्या पाटीच्या आत माझे पाय आपोआप सैल पडले. पोटरी दुखत नव्हती, तहान नव्हती. काका पुढे निघून गेले. मी थोडं चालले, मग पळाले, मग पुन्हा चालले. चार तास एक मिनिट.

येताना गाडीत खिडकीशी बसून पट्टीवर राग काढायला गेले तर तो निघेना. कारण ते पाय सैल पडणं माझ्या ओळखीचं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, मायला वाचूनही दाखवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या सकाळी शेवटच्या पाचशे मीटरमध्ये मी दमले नव्हते. निवड दुसऱ्या गावाला होती, एकटीला दोन रात्री राहायचं होतं, सगळ्या पोरी गुजराती बोलणाऱ्या. पंप दिसायला लागला तेव्हा मी जरा हळू झाले. फार नाही. तुम्ही घड्याळाकडे बघत होता, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल.