चपलांपाशी उभा राहिलो तो जुम्मा

लष्कर, ग्वाल्हेर
शुक्रवार, १९५१

अम्मा, इथून मिरजेपर्यंत पोहोचेल एवढा सलाम.

तब्येत बरी आहे, पोटभर जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत?

आता लपवत नाही. संस्थान विलीन झालं आणि आमचं घोडदळ मोडलं. जमादार होतो, हाताखाली स्वार होते; आता इथल्या पडाव भागात एका वखारीवर पहारा देतो. काम हलकं आहे, काळजी करू नकोस.

आज जुम्म्याला लाजेनं मशिदीत अगदी मागे, चपलांपाशी एकटाच उभा राहिलो. पुढच्या रांगेतून नन्हे खाँनं पाहिलं. तो माझ्या घोड्याला खरारा करणारा मोतद्दार होता. नमाज सुरू व्हायच्या आत तो जरा सरकला आणि म्हणाला, "साहब, इधर आइए, जगह है."

पूर्वी दर ईदला मी त्याला खेटून उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, जमादार असून मोतद्दाराशेजारी उभा राहतो, केवढं माझं मन! आज सजद्यात कपाळ टेकलं आणि रडू आवरेना. अम्मा, तेव्हाही तोच सरकून मला जागा देत होता.

दुवा मागशील तेव्हा आधी त्याचं नाव घे, मग माझं.

तुझा
दस्तगीर