दोन मोबाईलचा एक मोबाईल

सर,

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर रुसलेलो आहे. कारण सांगायची लाज वाटते. अँड्रॉइड काढून लिनक्स ही सिस्टिम बसवलेला तुमचा तो मोबाईल तुम्ही जाताना तिला दिलात. मला नाही.

भवानी पेठेतलं तुमचं रिपेरीचं दुकान रविवारी बंद असायचं. दुपारी शटर अर्धं खाली ओढून आत आपण तिघंच : तुम्ही, मी आणि चादरीच्या कारखान्यात डिझाइन करणारी ती. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या मोबाईलमध्ये लिनक्स घालून बघायचं, हा आपला रिकामा उद्योग. नियम एकच होता. कमांड आधी वहीत लिहायची, मग मोबाईलला द्यायची, आणि जे झालं ते खाली खरं लिहायचं. तिला कायम घाई. "आगं, वही कुटं हाय? किती येळा सांगायचं तुला?" असं तुम्ही तिच्यावर ओरडायचात आणि ती हसायची. माझ्या वहीवरून नुसती नजर फिरवून म्हणायचात, "तुजं बरोबरच असतंय की." बस्स, एवढंच. तिला बसणाऱ्या बोलण्यांवर मी जळायचो, सर. एकदा मुद्दाम चुकलो, तर तुम्ही न बोलता दुरुस्त करून टाकलंत.

गेल्या आठवड्यात ती घरी आली. तुमचा मोबाईल रुमालात गुंडाळलेला. "दादा, नवीन सिस्टिम टाकाय गेले, तर सुरूच होईना. तुमीच बघा की. सरांचं एवढंच हाय माझ्याकडं." मोबाईलच्या पाठीवरचा मॉडेल नंबर बघून तिनं सिस्टिमची फाईल टाकली होती. मला आतल्या आत आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पाठ एका मोबाईलची आणि आतला बोर्ड दुसऱ्याचा; तुम्ही ती पाठ बसवत होता तेव्हा स्क्रू तळहातावर घेऊन मी शेजारी बसलो होतो. त्या रविवारी ती आलीच नव्हती. तुमचं काहीतरी फक्त मला ठाऊक होतं.

मोबाईल ठेवून ती गेल्यावर मी बोर्डाचा नंबर बघून योग्य फाईल टाकली. थोड्या वेळानं काळ्या पडद्यावर अक्षरं पळायला लागली, तुमचं सगळं जागच्या जागी होतं. शेवटी, मोबाईल सुरू होताना दिसावी म्हणून तुम्ही लिहून ठेवलेली ओळ आली : वही काढलीस का गं?

मी तिला फोन लावला. म्हणालो, "बोर्डच जळलाय. गेला तो."

ती म्हणाली, "तुमी बघितलंय म्हंजे संपलंच, दादा. सर म्हणायचेच, त्याचं बरोबर असतंय."

वहीत कमांड लिहिलेली आहे, सर. खाली काय झालं ते लिहायची जागा कोरी ठेवलीय. हा कागदही तिथंच घालून ठेवतो. मोबाईल माझ्या कपाटात आहे. रोज चार्ज करतो, आणि ती ओळ आली की बंद करतो.