अकरा काड्या

प्रिय आत्या,

जयभीम. पत्र बघून घाबरू नको, घरात सगळे मजेत आहेत. फक्त माझं तोंड उघडत नाहीये. खालची अक्कलदाढ आडवी आली होती, ती बरकतपुऱ्याच्या डॉक्टर सत्यवतींनी कापून, तुकडे करून काढली. एक्सरे मी मागून घेतला. इतका भारी आहे ना! दाढ आडवी झोपलेली, शेजारच्या दाताला डोकं टेकवून. पप्पांना दाखवायला गेलो तर म्हणाले, जेवताना नको बाबा.

पहिले दोन दिवस मस्त गेले. आईस्क्रीम, गार दहीभात, ऑफिसला सुट्टी. तिसऱ्या दिवशी जे दुखायला लागलं आत्या, कानापासून हनुवटीपर्यंत, डोळ्यातून पाणीच. डॉक्टरबाईंनी आत बघितलं आणि समजावलं, दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तेच जखमेचं झाकण. माझं झाकणच निघून गेलंय, खाली हाड उघडं. गुळण्या केल्या का पहिल्याच दिवशी? मी मान हलवली. मग काय, कागदावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं ना, चोवीस तास गुळण्या नक्को म्हणून, इंजिनियर होके पढ़ना नहीं आता क्या तुमको, असं सगळ्या पेशंटसमोर ऐकवलं.

वाचलं होतं गं मी. पण त्या संध्याकाळी अंबरपेठला घरी आलो तर मम्मी-पप्पा दोघंही ड्यूटीवर, अर्धा चेहरा बधिर, आणि मागच्या मोरीत तुझा तो जर्मनचा तांब्या दिसला. तोंडात काही झालं की तू मिठाचं कोमट पाणी करायचीस आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहायचीस, आवाज शेजारी गेला पाहिजे म्हणून. मी पाणी गरम केलं, मीठ टाकलं, तिथंच उभा राहिलो. शेजारच्या अप्पाराव अंकलना ऐकू जाईल अशा जोरात केल्या. तांब्या संपेपर्यंत तू मागं आहेस असं वाटत होतं. नंतर वळलो, तर दोरीवर नुसते टॉवेल.

आता एक दिवसाआड त्या खड्ड्यात लवंगेच्या तेलाची पट्टी भरतात. दहा मिनिटांत दुखणं कमी होतं, पण तो वास! तुझ्या पदराच्या गाठीत लवंग असायची ना. बसमध्ये बायका माझ्याकडं वळून बघतात, आणि मी खिडकीकडं तोंड करून बसतो.

जबडा पण आखडलाय. तोंडात तीन बोटं उभी मावली पाहिजेत, माझं एकच जातं. म्हणून आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत सरकवायच्या आणि रोज एक वाढवायची. सहापासून सुरू केलं, आज अकरा झाल्या! भिंतीवर चार्ट लावलाय, तुझ्या खोलीत. मी तिथंच झोपतो हल्ली.

तू रोज फोन करतेस आणि मी नुसतं हूं हूं करतो. काल पप्पांना म्हणालीस म्हणे, पोरगं माझ्यावर रुसलंय. अजिबात नाही. दाढेचं त्यांना मीच सांगू दिलं नव्हतं. गुळण्यांचं कळलं असतं तर तू स्वतःलाच बोल लावत बसली असतीस.

मार्चमध्ये काचीगुडा स्टेशनवर तुला सोडायला आलो होतो, आठवतं? एकोणीस वर्षं मला सांभाळलंस, आणि मी नोकरीला लागलो तर म्हणालीस, माझं काम झालं, नांदेडला माझ्या घरी जाते. गाडी हलायच्या आधी खिडकीतून विचारलंस, जाऊ का रे? माझ्या कानात ऑफिसचा कॉल चालू होता. मी तुला अंगठा दाखवला. तू हसलीस आणि मान आत घेतलीस. पंचवीस काड्या झाल्या की माझं तोंड उघडेल, आणि फोनवर मी परत सगळं ओके आहे असंच म्हणेन, मला माहितीय माझं. म्हणून आज, तोंड बंद आहे तोवरच, तू विचारलेल्याचं उत्तर लिहून पाठवतोय.

नक्को जाऊ, आत्या.

तुझाच,
भूषण